बोलकी टोपी

"आता तरी दिसतोय का मी, चाचा?"

श्रीरंग उपळेकरनं हातातला टॅब म्हाताऱ्याच्या नाकापाशी नेला.

काझीचाचांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला आणि नकाशा वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला.

"नाही," ते म्हणाले.

श्रीरंगनं टॅब खाली घेतला. ही त्याची तिसरी खेप होती. चिंचवडहून निघायचं, घाट उतरायचा, खाडीवरच्या या उघड्या, कातळाच्या सड्यावर गाडी चढवायची, आणि उत्तर काय, तर नाही.

चाचा म्हणजे इस्माईल काझी. उभी हयात त्यांनी जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली. म्हातारपणी गुडघे गेले, पण कान मात्र शाबूत राहिले. वायरलेसच्या नुसत्या खरखरीतून ते माणूस वेचून काढतात, असा त्यांचा लौकिक होता. सड्यावर पीराची घुमटी, घुमटीशेजारी जांभ्या दगडाच्या दोन खोल्या आणि खोल्यांमागं उंचच उंच लोखंडी खांब. चाचा तिथं एकटे राहायचे. एकटे म्हणजे ते आणि त्यांची शेळी, नूरी.

खांब होता हॅम मंडळींचा. हॅम म्हणजे हौसेखातर वायरलेस चालवणारी माणसं. परवाना काढतात, परीक्षा देतात आणि मग घरच्यांच्या शिव्या खातात. त्यांच्याकडं ट्रॅकर नावाची एक डबी असते. ती मधूनमधून हवेत निरोप सोडते की मी अमुक, मी अमुक ठिकाणी आहे. सोबत बॅटरी किती उरली, गरमी किती आहे, असली खबरबातही देते. डोंगरावरचा खांब तो निरोप उचलून पुढं ढकलतो आणि पुण्यात बसलेल्या माणसाच्या नकाशावर एक ठिपका उमटतो. बोलायची वाट मात्र सगळ्यांची मिळून एकच. एक बोलत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर दोघांचंही वाया जातं.

श्रीरंग यातला मोठा खेळाडू. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं, आणि ते तो कुणापासून लपवून ठेवत नसे. त्याला एकच ध्यास होता, काझीचाचांचा शागीर्द व्हायचं. चाचा ऐकायला शिकवतात म्हणे. श्रीरंगला बाकी सगळं येत होतं, तेवढं एक राहिलं होतं.

पहिल्या खेपेला त्यानं पाय धरले तेव्हा चाचा म्हणाले होते, "ज्या दिवशी तू मला दिसशील, त्या दिवशी शिकवायला लागेन."

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन विचारात पडला असता. श्रीरंग इंजिनिअर. त्यानं घरी जाऊन गाडीत ट्रॅकर बसवला.

दुसऱ्या खेपेला चाचांनी नकाशा पाहून मान हलवली, नाही. श्रीरंगनं पाठीवरच्या बॅगेतही एक बसवला.

आणि आता तिसऱ्या खेपेला डोक्यावर टोपी होती. टोपीच्या आत ट्रॅकर आणि वर वीतभर तार. गाडी, बॅग, टोपी, तिघीही काही सेकंदांच्या अंतरानं एकामागून एक सांगत होत्या की श्रीरंग इथं आहे. गाडी सोबत बॅटरी कळवत होती, बॅग थर्मासातल्या चहाची गरमी कळवत होती आणि टोपी डोक्याची.

अख्ख्या महाराष्ट्राला तो दिसत होता. सांगलीला सासूबाईंनासुद्धा दिसत होता. गेल्याच महिन्यात जावई गावावरून गेले आणि घरी डोकावले नाहीत, हे त्यांनी नकाशावर बघितलं होतं आणि लेकीला फोन करून चांगलं सुनावलं होतं. एवढं होऊनही गड्यानं ट्रॅकर काही बंद केला नाही.

आणि चाचा म्हणतात नाही दिसत.

श्रीरंगनं मायेनं विचारलं की चाचा, मोतीबिंदू वगैरे नाही ना, चिपळूणला चांगला डॉक्टर आहे, मी नेऊन आणतो. चाचांचं लक्ष खोलीतल्या स्पीकरकडं होतं. ट्रॅकरचा निरोप स्पीकरवर खर्र असा ऐकू येतो. श्रीरंग आल्यापासून तो स्पीकर खर्र, खर्र, खर्र करत सुटला होता. दम म्हणून घेत नव्हता.

"नूरी दुपारपासून..." चाचांनी सुरुवात केली आणि थांबले.

भिंतीवर जहाजावरचं पितळी घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर दोन लाल फाकी रंगवलेल्या होत्या. मिनिटकाटा लाल फाकीत शिरला की चाचा गप्प होत. वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे, घास हातात असला तर हातात. डोळे मिटून नुसते ऐकत बसत.

...

श्रीरंगला हे घड्याळ ठाऊक होतं. ठाऊक नाही असं त्याला या विषयात काही नव्हतंच. समोर शांतता मिळाली तशी त्यानं ती माहिती द्यायला घेतली.

त्यानं चाचांना सांगितलं की पूर्वी समुद्रावर नियमच होता. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी त्या वाटेवर तोंड बंद ठेवायचं. का, तर कुठंतरी बुडणारं एखादं जहाज क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी. केवढी मोठी कल्पना, नाही का चाचा. मग त्यानं तो नियम कसा आला ते सांगितलं, कसा गेला ते सांगितलं, आणि शांततेचं महत्त्व आजच्या माणसाला कसं कळत नाही यावरही बराच बोलला. तीन मिनिटं त्याला जेमतेम पुरली.

काटा लाल फाकीबाहेर आला.

"...बोललेली नाही," चाचांनी वाक्य पुरं केलं.

नूरी गाभण होती. दिवस भरलेले. तिच्या गळ्यात चाचांनी साबणाच्या डबीत बसवलेला ट्रॅकर बांधला होता, कारण हल्ली तिला एकटीनं लांब जाऊन बसायची खोड लागली होती. सकाळी डबी दोनदा बोलली होती. दुपारनंतर चकार शब्द नाही. रोज असरच्या, म्हणजे ऊन कलतानाच्या नमाजाआधी दारात उभी राहणारी शेळी आज आली नव्हती, आणि गेल्या आठवड्यात याच सड्यावरून बिबट्यानं एक दांडगा कुत्रा उचलून नेला होता.

हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज जरा हलला. श्रीरंगनं तो हललेला ऐकला नाही. त्याला संधी दिसली.

"चाचा, पाच मिनिटांत आणतो तुमची शेळी," तो म्हणाला.

चाचा म्हणाले की बाबा, आधी जरा थांब, हे सगळं बंद कर आणि बस थोडा. पण श्रीरंग तोवर गाडीतून पळत आणलेली ॲंटेना जोडत होता आणि जोडता जोडता साबणाच्या डबीत काय काय चुकीचं आहे ते सांगत होता. डबीचा आवाजच मुळात बारीक, बॅटरी टिचभर, आणि चाचांनी तिला शिकवलंय काय, तर आधी कानोसा घे आणि वाट मोकळी असेल तरच बोल. अशी भिडस्त डबी आजच्या काळात कशी टिकायची. त्याच्या तिन्ही डब्या असला कानोसा घेत बसत नाहीत. वेळ झाली की बोलून मोकळ्या होतात.

"ठाऊक आहे," चाचा म्हणाले.

श्रीरंग निघाला. एका हातात माशाच्या काट्यासारखी दिसणारी ॲंटेना, दुसऱ्या हातात टॅब, पाठीवर बॅग, डोक्यावर टोपी. ही ॲंटेना चहूकडं फिरवायची आणि आवाज जिकडून जोरात येईल तिकडं चालत जायचं, इतकं ते साधं काम.

आवाज जोरात आला. श्रीरंग झपाझप चालत गेला, करवंदीच्या जाळीतून पँट फाडून घेत पलीकडं उतरला, तर पुढं उतारावर त्याची स्वतःचीच गाडी. चिंचेखाली, त्यानंच लावलेली. गाडीतला ट्रॅकर खणखणीत बोलत होता. त्यानं कपाळावर हात मारला आणि मागं फिरला.

पुन्हा ॲंटेना फिरवली. आवाज आला. या वेळी आवाज त्याच्या पाठीमागून येत होता. तो वळला की आवाजही वळायचा. सड्याच्या मध्यभागी तो स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिला आणि मग लक्षात आलं की ही आपली बॅग.

पुण्याहून सप्रे सगळं बघत होते. दिगंबर सप्रे हॅम मंडळींच्या क्लबचे जुने सभासद, निवृत्त. दिवसभर नकाशासमोर बसून कोण कुठं चाललंय ते बघायचं, हा त्यांचा उद्योग. श्रीरंगच्या खिशातल्या वायरलेसच्या हातसंचावर त्यांचा आवाज आला. त्यांनी श्रीरंगला कळवलं की तू फार सुरेख दिसतोयस, एकाच वेळी तीन ठिकाणी दिसतोयस, आणि तुझं डोकं बरंच तापलंय तेव्हा पाणी पी.

श्रीरंगनं विचारलं की नूरी दिसते का.

नूरी काही दिसत नव्हती. सप्रे म्हणाले, तूच दिसतोयस, सगळीकडं.

एरवी या वाक्यानं त्याची छाती फुगली असती. आज कुठंतरी टोचलं. ऊन कलायला लागलं होतं. खाडीपलीकडच्या वाडीतून गुरं हाकल्याचे आवाज येत होते, दिवस मावळायच्या आत जो तो आपापली जनावरं आत घेत होता. तो अजून दोन दिशांना धावला. एकदा परत आवाजामागं गेला आणि परत लांबून चिंचेखालचं ते पांढरं टप दिसलं, तेव्हा त्यानं गाडीला एक शिवी हासडली आणि जवळ न जाताच वळला. ओहोळ धुंडाळला. दरीच्या काठावर वाकून पाहिलं. खाली नुसती झाडी, आणि झाडीत अंधार भरायला लागलेला.

आता त्याला भीती वाटायला लागली. शागीर्द वगैरे गेलं खड्ड्यात, म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवायचं. पाच मिनिटांत आणतो म्हणालो. आपण असलं काही बोललोच का.

तो परतला तेव्हा चाचा पायरीवर बसलेले होते. मांडीवर दावं, हातात मूठभर हरभऱ्याची भिजवलेली डाळ. गुडघ्यांनी त्यांना पायरीच्या पुढं जाऊ दिलं नव्हतं. ते तिथूनच हाका मारत बसले असावेत, कारण आवाज बसला होता.

"नाही मिळाली?" त्यांनी विचारलं.

श्रीरंग बोलायला लागला. त्याला गप्प राहणं जमेना. तो म्हणाला की डोंगर मधे येतो, जांभ्या दगडात लोह असतं, शिवाय उपग्रहांची आजची स्थिती ठीक नाही, आणि डबीची बॅटरी तर नक्की संपली असणार, त्यामुळं तंत्रदृष्ट्या पाहिलं तर...

आत घड्याळाचा काटा लाल फाकीत शिरला.

चाचा गप्प झाले. पण या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते दाराच्या चौकटीला धरून उठले. श्रीरंगच्या डोक्यावरची टोपी दोन बोटांनी अलगद उचलली, नवरदेवाचा फेटा उतरवतात तशी. टोपी आत चुलीपाशी नेली, मागोमाग आलेल्या श्रीरंगसमोर जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर पुलावाचं मोठं पातेलं पालथं घातलं.

मग त्यांनी बॅगेचा बंद ओढून तिच्यातलं बटण चाचपलं. कट्.

मग श्रीरंगपुढं येऊन त्यांनी तळहात पसरला आणि वाट पाहिली.

गाडीतला ट्रॅकर मोबाईलवरून बंद करता येत असे. ते बटण श्रीरंगनंच बनवलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. त्यानं त्या पसरलेल्या हाताकडं पाहिलं. तळव्याला डाळीचे दाणे चिकटलेले होते, म्हाताऱ्यानं ती मूठ शेळीसाठी धरून ठेवली होती. हे त्याला दिवसभरात पहिल्यांदाच कळलं.

त्यानं बटण दाबलं.

दुपारपासून वाजणारा स्पीकर थांबला.

...

पातेल्याखाली टोपी बोलत असेल तर असो. बाहेर काही येत नव्हतं.

...

श्रीरंगला चूल फुरफुरताना ऐकू आली. खांबाच्या तारांतून वारा जात होता. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत येणारा. काहीतरी बोलावंसं त्याला फार वाटलं. त्यानं दात ओठांवर रोवले. आता त्याला स्वतःच्याच मनात स्पष्ट दिसत होतं की ती भिडस्त डबी दुपारपासून कुठंतरी कानोसा घेत बसली आहे आणि आपण तिला तोंड उघडू दिलेलं नाही. लाजेनं त्याचे कान तापले, पण ते कळवायला डोक्यावर टोपी नव्हती.

...

खर्र.

इतकंच. कुणी दाराआडून खाकरावं तेवढं. स्पीकर पुन्हा गप्प.

खोलीतल्या जुन्या पडद्यावर नकाशा उजळला आणि त्यावर एक बारीकसा ठिपका उमटला. श्रीरंगनं वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. घुमटीच्या खालचा उतार, चिंच... दिवसभर तिथं त्याच्या गाडीचं चित्र ऐसपैस बसलेलं होतं.

तो अनवाणी धावला.

गाडीचं मागचं दार सताड उघडं होतं. दुपारी ॲंटेना काढताना त्यानं ते लावलंच नव्हतं, घाई होती ना शेळी शोधायची. आत, त्याच्या नव्याकोऱ्या मऊ अस्तराच्या पिशवीवर, नूरी ऐटीत बसली होती. शेजारी दोन करडं. एक उभं राहायच्या खटपटीत होतं, दुसरं ओलंगच्च, अंगाची जुडी करून पडलेलं. नूरीनं श्रीरंगकडं पाहिलं आणि तोंडातली तार चावत राहिली. तार बहुतेक महागातली होती.

श्रीरंगच्या डोळ्यांत पाणीच आलं. सड्यावरून आवाज दोनदा त्याला इथंच घेऊन येत होता आणि दोनदा तो चडफडत परत गेला होता. तो गाडीत चढला, गुडघ्यांवर बसला. पडलेल्या करडाला उचललं आणि स्वतःच्या सदऱ्यानं पुसायला लागला. सदऱ्याची दशा झाली. करडू थंड होतं, त्यानं ते पोटाशी घट्ट धरलं. थोड्या वेळानं त्याच्या छातीपाशी एक बारीक धक्का बसला, मग दुसरा. करडू हुंदडायचं म्हणत होतं.

चाचा आले. एका हातात कंदील, दुसरा हात वाटेतल्या प्रत्येक दगडावर टेकत. दिवसभर पायरी न उतरलेला माणूस उतार उतरून आला होता. त्यांनी आधी नूरीच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच ठेवला. ओठ हलत होते. मग डाळ तिच्यापुढं केली. मग ते गाडीच्या काठावर टेकले आणि गोणपाटानं दुसरं करडू चोळायला लागले.

दोघंही काही बोलले नाहीत. लाल फाक केव्हाच सरली होती.

श्रीरंगला विचारायचं होतं. शागीर्दीचं, तेच ते, चौथ्यांदा. प्रश्न ओठांपर्यंत आला, आणि करडानं त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात धरलं म्हणून तो बटण सोडवत बसला. सोडवता सोडवता प्रश्न विसरला.

चाचांच्या खिशात हातसंच खरखरला. सप्रे. आवाज चांगलाच घाबरलेला.

"चाचा, ऐकताय का? अहो, श्रीरंग नकाशावरून गेला. गाडी नाही, बॅग नाही, टोपी नाही, कुठंच काही नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही. तिकडं बिबट्याचं म्हणत होतात तुम्ही... तुम्हांला तरी दिसतोय का तो कुठं?"

श्रीरंगचा हात सवयीनं हातसंचाकडं गेला. अर्ध्यावर थांबला, आणि परत येऊन करडाच्या पाठीवर पडला.

चाचांनी कंदील जरा वर धरला. चष्म्यावरून पाहिलं. उघडं डोकं, केसांत करवंदीचा पाला, सदऱ्याचा पार चिखल, आणि मांडीत एवढंसं ओलं जनावर.

...

त्यांनी बटण दाबलं.

"हो," चाचा म्हणाले. "आत्ताच दिसायला लागला."